तलाव कुणाचा? नवेगावबांधचा तीनशे वर्षांचा हिशेब

नवेगावबांधच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तोंडून निघून गेलं, "निसर्गानं काय दिलंय या मुलखाला!" समोर डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी, मागे दाट जंगल, दूरवर पाण्यावर उतरणारे पक्ष्यांचे थवे. बाजूला जाळं आवरत बसलेला एक वयस्कर ढीवर हसला आणि म्हणाला, "निसर्ग कायचा जी? बांध आहे हा. नावातच तं आहे."

या एका वाक्यात इतिहासाचा मोठा धडा होता. महाराष्ट्रातल्या मोठ्या गोड्या पाण्याच्या जलाशयांमध्ये नवेगावबांधचं नाव घेतलं जातं. पर्यटनाच्या जाहिरातीत ते 'निसर्गरम्य सरोवर' म्हणून येतं. राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्प, पक्षी अभयारण्य या नावांच्या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडते. हे पाणी माणसांनी अडवलंय. शेतकऱ्यांनी, भातासाठी आणि उसासाठी. ते कुणी अडवलं, कुणाच्या राज्यात अडवलं, अडीचशे वर्षं कुणी सांभाळलं आणि शेवटी ते कुणाच्या ताब्यात गेलं, हा हिशेब मांडल्याशिवाय नवेगावबांध समजत नाही.

तलावांचा मुलूख

आधी भूगोल पाहू. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून दक्षिणेला वळलं की अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. गोंदिया जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. इथून पुढे गडचिरोलीची हद्द सुरू होते. गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग याच भागातून जातो आणि देवलगाव हे स्टेशन नवेगावबांधच्या अगदी जवळ आहे. हा सगळा वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश, ज्याला इथले लोक 'झाडीपट्टी' म्हणतात.

उरलेल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकावर आणि काळ्या मातीवर उभा आहे. झाडीपट्टीचं तसं नाही. इथला खडक त्याहून कितीतरी जुना, कठीण आणि रूपांतरित. त्यात पाणी फारसं मुरत नाही, मुरलेलं फार साठत नाही. पाऊस मात्र भरपूर, वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. इथला शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतो. यातली बरीचशी जमीन भाताची. भाताचं दुखणं असं की ऐन लोंबी भरताना, म्हणजे पाऊस परतीला लागतो तेव्हा, त्याला पाणी लागतं. त्या वेळी पंधरा दिवस पाऊस हुकला की वर्ष हुकलं.

म्हणून इथे तलाव हवा होता. तो हौस नव्हता, पोटाची गरज होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत, ते याच गरजेतून. भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात, तेव्हा त्यात गोंदियाही धरायला हवा, कारण १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडाऱ्याचाच भाग होता.

या हजारो तलावांत नवेगावबांध हा थोरला. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये त्याचा घेर सतरा मैल दिला आहे, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. एवढ्याच क्षेत्रफळाचा तलाव गोल असता तर त्याचा घेर १२ किलोमीटरही भरला नसता. हा फरक कुठून आला? पाणी डोंगरांच्या घळींमध्ये शिरलंय, म्हणून. नकाशात हा तलाव हाताच्या पंजासारखा दिसतो. डोंगरांनी तीन भाग काम केलं आणि उरलेला एक भाग, म्हणजे डोंगरांमधली मोक्याची तोंडं बुजवण्याचं काम, माणसांनी केलं. कुठलं तोंड बुजवलं की किती पाणी अडेल, हे ज्याला त्या जंगलात फिरून कळलं, तो या तलावाचा खरा अभियंता.

कोलू पाटील आणि सात बहिणी

त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे आणि ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या, मशिदींच्या, मंदिरांच्या बांधकामावर राजाचं नाव कोरलेलं असतं. बांधणाऱ्याचं नाव क्वचितच उरतं. १८७० साली चार्ल्स ग्रांट यांनी मध्य प्रांताचं गॅझेटियर संपादित केलं. त्यात नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी नोंद आहे.

तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. कथा अशी की कोलू पाटलाला बांध घालायला या सात बहिणींनी मदत केली. पुढे लोकांनी कोलूलाच देव केलं. तो 'कोलासुर' झाला आणि टेकडीवर त्याचं ठाणं बसलं.

लोककथेला 'भाकडकथा' म्हणून बाजूला सारण्याची घाई करू नये. सात बहिणींनी मदत केली याचा अर्थ सरळ आहे. टेकड्यांच्या भिंती आयत्या मिळाल्या, म्हणून हे काम होऊ शकलं. भूगोलाची हीच गोष्ट गावकऱ्यांनी आपल्या भाषेत लक्षात ठेवली. आणि कोलूचा देव झाला याचाही अर्थ आहे. ज्याने पाणी दिलं त्याला लोकांनी राजापेक्षा मोठी जागा दिली. त्या काळात नवेगाववर कुणाची सत्ता होती, हे विचारलं तर गावात फार थोडे जण सांगू शकतील. कोलू पाटील मात्र सगळ्यांना माहीत आहे.

कोलू ज्या समाजातला, तो कोहळी समाज वैनगंगेच्या खोऱ्यात, मुख्यतः भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे आढळतो. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळखच मोठमोठे तलाव बांधणारे लोक अशी करून दिली आहे. भात आणि त्याहून जास्त ऊस ही त्यांची आवडती पिकं. त्यांच्यात एक परंपरागत समजूत आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला होता, तिथून त्याने आपल्या पूर्वजांना सोबत आणलं, असं ते सांगतात. ही समजूत शब्दशः खरी मानण्याची गरज नाही. पण तिच्यातून एक गोष्ट कळते. पाण्याचं काम जाणणारी माणसं राजाला हवी होती आणि ती लांबून आणून वसवण्याची त्याची तयारी होती.

लेव्हल मोजण्याचं यंत्र नाही, नकाशा नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, कुठे थांबतं, कुठे जोर धरतं, हे डोळ्यांनी पाहून पाळीची जागा ठरायची. माती जवळचीच. टोपल्या डोक्यावर, आणि दाबायला पाय. असं बांधलेलं काम तीनशे पावसाळे सोसून उभं आहे.

राजा काय करत होता?

आता राज्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वैनगंगेच्या खोऱ्यावर देवगड आणि चांदा या दोन गोंड राज्यांचा अंमल होता. देवगडच्या गादीवर त्या वेळी बख्त बुलंद शाह होता. हा तोच राजा, ज्याने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला, 'बख्त बुलंद' हा किताब मिळवला आणि पुढे त्याच बादशहाविरुद्ध बंडही केलं. नागपूर शहराची स्थापना त्याचीच. घराण्याने धर्म बदलला, पण गोंडांशी असलेला सोयरसंबंध तुटला नाही.

नागपूरचे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ साली नागपूर राज्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात बख्त बुलंदविषयी लिहिताना त्यांनी हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसं कामावर घेणारा, दूरदूरचे कष्टकरी आणून वसवणारा, शेती आणि व्यापार वाढवणारा राजा असं त्याचं वर्णन केलं आहे.

इथे आपल्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. इतिहासात एखादा राजा 'आपला' निघाला की त्याच्या काळात झालेलं प्रत्येक काम त्याच्या नावावर जमा करण्याचा मोह होतो. हा मोह सगळ्याच समाजांना होतो, आपल्यालाही होतो. तो टाळायचा. नवेगावबांध बख्त बुलंदचा नाही, औरंगजेबाचा नाही, चांद्याच्या राजाचाही नाही. तो कोलू पाटलाचा आणि त्याच्याबरोबर माती वाहणाऱ्या शेकडो बायामाणसांचा आहे.

मग राजाचं श्रेय काय? ते आहे, पण वेगळ्या जागी आहे. गोंड राज्यांनी हा तलाव बांधला नाही. तलाव बांधावेसे वाटतील असे नियम केले. चांद्याकडे जंगल तोडून, तलाव बांधून जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला ती जमीन सवलतीने देण्याची पद्धत होती. तिला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका मोठ्या वस्तीचं नाव आजही तुकूम आहे. पाणी अडव, जमीन खा, असा तो सरळ व्यवहार होता. तलाव बांधणं ही एका पिढीची कमाई दुसऱ्या पिढीसाठी मातीत घालण्याची गोष्ट आहे. जमीन आपल्या लेकरांकडे राहील याची खात्री नसेल तर कोण डोंगराचं तोंड बुजवायला जाईल? राजाने दिली ती ही खात्री. चांगल्या राज्यकारभाराची याहून मोठी व्याख्या मला सापडलेली नाही.

तलाव चालायचा कसा?

तलाव बांधणं सोपं, चालवणं अवघड. झाडीपट्टीत त्यासाठी एक पूर्ण शब्दकोश आहे. बांधाला 'पाळ' म्हणतात. पाणी सोडण्याच्या जागेला 'तुडूम', जादा पाणी बाहेर पडण्याच्या सांडव्याला 'सलंग', शेतातल्या छोट्या तलावाला 'बोडी'. वरच्या तलावाच्या सलंगावरून पडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथलं त्याच्या खालच्या बोडीत, अशी साखळी असायची. पाणी गावातून जायच्या आधी तीन-चार ठिकाणी थांबायचं.

तुडूम कधी उघडायचा, कुणाच्या बांधीत आधी पाणी द्यायचं, हे 'पाणकर' ठरवायचा. त्याला वर्षाला धान्य मिळायचं. पाळीवरची झाडं, उन्हाळ्यात उपसलेला गाळ, पाटाची दुरुस्ती, सगळ्याला नियम होते. गाळ शेतात जायचा, म्हणून तलाव खोल राहायचा आणि शेत सकस. पाण्यात ढीवर मासे धरायचे. उथळ काठाला शिंगाडा व्हायचा. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओलाव्यावर पीक निघायचं. गुरं तिथेच पाणी प्यायची, कपडे तिथेच धुतले जायचे.

भोसल्यांच्या काळातही ही रीत चालू राहिली. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावाचे मालकी हक्क मिळाले. ते 'मालगुजार' झाले. शब्दच पाहा. 'माल' म्हणजे सारा, 'गुजार' म्हणजे भरणारा. एक अरबी, दुसरा फारसी. मालगुजाराची मालकी असली तरी तलावाच्या पाण्यावर गावाचा हक्क होता. कुणाला किती पाणी, कुणाला कुठे चराई, कुठलं लाकूड फुकट, हे गावरिवाज ज्या कागदात लिहिले जात त्याचं नाव होतं 'वाजिब-उल-अर्ज'. आणि या हक्कांना म्हणत 'निस्तार'.

कोहळ्याने बांधलेला तलाव, ढीवराने राखलेले मासे, गोंड राजाने दिलेली हमी आणि त्यावरच्या हक्कांची नोंद फारसी-अरबी नावाच्या कागदावर, तीही नागपुरी मराठीच्या मुलखात. आपली गंगा-जमनी संस्कृती शायरीच्या मैफलीत जशी दिसते, तशी ती तलाठ्याच्या दप्तरातही दिसते. उलट तिथे ती जास्त टिकाऊ असते, कारण तिथे ती कुणी मुद्दाम दाखवत नसतं.

हे सगळं चित्र सोनेरी होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मालगुजारी म्हणजे वेठबिगारही होती. पाळीवर माती टाकायला गरिबाला बोलावलं जायचं, ते नेहमी मजुरी देऊनच असं नाही. मालगुजाराच्या उसाला पाणी आधी आणि कुळाच्या धानाला नंतर, हेही घडायचं. ढीवराला मासे धरायचा हक्क होता, पण जमिनीचा हक्क नव्हता. जुनी व्यवस्था न्याय्य होती म्हणून ती टिकली नाही. तलाव नीट राखण्यात मालगुजारापासून ढीवरापर्यंत प्रत्येकाचं काहीतरी अडकलेलं होतं, म्हणून ती टिकली.

१९५१ ला काय झालं?

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी जाणं आवश्यक होतं आणि ती गेली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मध्य प्रदेशाने १९५० मध्ये मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावं, जंगलं, पडीत जमिनी यांच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. कालचे 'मालगुजारी तलाव' कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' झाले. लोकांनी त्याचं छोटं रूप केलं, 'मामा तलाव'. १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे.

मालगुजार गेला, हे बरोबर झालं. पण त्याच्याबरोबर पाणकर गेला, गाळ काढायची रीत गेली, पाळीच्या डागडुजीची जबाबदारी गेली. त्यांच्या जागी काय आलं? एक रजिस्टर, एक पाणीपट्टी आणि हजारो तलावांसाठी मोजके कर्मचारी. जे पाणी निस्तार हक्काने मिळत होतं, त्यावर कर बसला तेव्हा शेतकऱ्यांनी साहजिकच विचारलं, "आमच्या आज्यानं बांधलेल्या तलावाचं पाणी आम्हीच विकत घ्यायचं का?" कर वसूल होईना, म्हणून दुरुस्तीला पैसा नाही. दुरुस्ती नाही, म्हणून पाणी कमी. पाणी कमी, म्हणून कर कोण देणार? या चक्रात तलाव उथळ होत गेले. पोटात बेशरमची झुडपं माजली, काठ अतिक्रमणात गेले. 'सगळ्यांचा' तलाव 'सरकारचा' झाला आणि सरकारचा झाला म्हणजे हळूहळू कुणाचाच राहिला नाही.

चूक जमीनसुधारणेची नव्हती. मालकी मालगुजाराकडून काढून गावाला द्यायची होती, ती काढून खात्याला दिली. पाऊल बरोबर उचललं, पण अर्ध्यावर ठेवलं.

नवेगावबांधच्या जवळच, याच तालुक्यात, गाढवी नदीवर सरकारने १९७० च्या सुमारास इटियाडोह हे मोठं धरण बांधलं. त्याच्या कालव्यांनी कितीतरी शेती भिजवली, त्याचं मोल कमी नाही. पण एका मोठ्या धरणाकडे जेवढं लक्ष जातं, तेवढं शेकडो लहान तलावांकडे कधी गेलं नाही. त्याला उद्घाटनाचा दगड बसवता येत नाही.

पक्षी, जंगल आणि एक नाव

नवेगावबांधचं नशीब इतर मामा तलावांपेक्षा थोडं वेगळं निघालं. १९७५ साली त्याच्याभोवतीच्या सुमारे १३३ चौरस किलोमीटर जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नागझिऱ्यासह नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि हा तलाव, इथले पक्षी, इथली माणसं त्यांनी मराठी वाचकाच्या घरात नेली.

इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचं नाव आहे. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात १८९६ साली जन्मलेला हा माणूस. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी ओळखता येईना, म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने पक्ष्यांना दिलं. गोंड-कोहळी मुलखातल्या एका तलावाच्या काठी त्याचं नाव कुणाला खटकलेलं नाही. तसंच असायला हवं.

पण पक्ष्यांची गोष्ट सांगतानाही आपण शेतकऱ्याला विसरतो. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत, तेही काही डझन. हा पक्षी घरटं बांधतो धानाच्या बांधीत आणि चरतो तलावाच्या उथळ काठावर. त्याला निव्वळ जंगल नको असतं. त्याला माणसाने केलेलं भाताचं शेत आणि माणसाने बांधलेला तलाव लागतो. तलाव आटला, शेतात विष पडलं, की सारस गेला. इथला निसर्ग तीनशे वर्षांच्या शेतीतून तयार झालेला आहे. त्यामुळे माणसांना बाहेर काढून तो वाचवता येणार नाही. काठावरच्या ढीवराला आणि शेतकऱ्याला घुसखोर ठरवणारं संरक्षण इथे टिकणार नाही.

प्रतापगडच्या वाटेवर

नवेगावबांधहून फार लांब नसलेल्या प्रतापगडच्या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथे महादेवाचं ठिकाण आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दरगाहही आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. दरगाहवर उर्स होतो, आणि दोन्हीकडे जाणारी माणसं बरीचशी तीच असतात. जवळच गोठणगावला १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गोंड, कोहळी, ढीवर, मुसलमान, तिबेटी, सगळे एका तालुक्यात. या मुलखाने येणाऱ्याला जागा दिली, कारण जागा देण्याइतकं पाणी त्याने आधी साठवून ठेवलं होतं.

अलीकडे याच तालुक्यात एक आशेची गोष्ट घडते आहे. ढीवर समाजातल्या बायका एकत्र येऊन काही मामा तलावांतलं बेशरम उपटून काढत आहेत, पाण्यात स्थानिक वनस्पती लावत आहेत आणि त्यामुळे जुने मासे परत येत आहेत. ज्यांच्या नावावर ना कधी तलाव होता ना जमीन, त्या बायका आज पाणकराचं काम करत आहेत. सरकारनेही २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. तिचं नाव नवीन, कल्पना कोहळ्यांची. फरक एवढाच की कोहळ्यांच्या गावात हे काम दरवर्षी व्हायचं, योजना मात्र निधी असेल त्या वर्षी चालते.

तलाव कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर मला नवेगावबांधने दिलं ते असं. तीनशे वर्षांत त्याच्यावर गोंडांचं राज्य आलं, भोसल्यांचं आलं, इंग्रजांचं आलं. मग मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र आले. भंडारा जिल्हा जाऊन गोंदिया आला. सात-बारावरची नावं बदलली, तलाव जागचा हलला नाही. त्याला मालकाशी देणंघेणं नव्हतं. पावसाळ्याआधी पाळीवर कोण माती टाकतं, एवढंच त्याने पाहिलं.

परतताना तो ढीवर पुन्हा भेटला. मी विचारलं, "यंदा पाणी कसं राहील?" त्याने पाण्याकडे नाही, पाळीकडे पाहिलं. म्हणाला, "पाणी तं येते जी दरसाल. पाळ राखली पाहिजे."